कोणत्याही नावाने

वरणभाताचा घास तोंडाशी होता, तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "नवरदेवास नानासाहेब तुपे, गंगापूर, यांच्याकडून पाच लाख एक हजार रुपये! चेकनं! टाळ्या!" मंडपात टाळ्या झाल्या. माझा हात तिथंच थांबला. बाकी लोकांना तो आहेर ऐकू आला, मला त्यात एक आकडा ऐकू आला, आणि मी पंगतीत बसल्या बसल्या तो चाळीस लाखांत मिळवला. मग घास खाल्ला. वरण चांगलं होतं, वर तूप होतं, आणि समोरची बाई मला पुन्हा पुन्हा जिलेबी घे म्हणत होती. मी घेतली. घाबरून जेवण सोडणाऱ्यांतली मी नाही. पण त्या क्षणापासून मांडवातली सनई, लहान पोरांची पळापळ, कुलरचा घरघराट, सगळं जरा लांब गेलं आणि माइकवाल्याचा आवाज तेवढा कानात राहिला. पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये'. आपल्याकडं ते छापतात आणि मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून, बऱ्या अक्षराच्या एखाद्या भाच्याला वही देऊन बसवतात. वहीत लिहायचं, माइकवर वाचायचं. आहेर केला आणि तो चारचौघांत पुकारला गेला नाही, तर तो केल्यासारखा वाटतच नाही.

नवरदेव गोकुळ बोडखे, खुलताबादचा. गंगापूरच्या 'गोदाकाठ' क्लबचा मुख्य स्ट्रायकर, यंदा एकोणीस गोल. नानासाहेब त्या क्लबचे मालक. रस्त्यात जमीन गेली, मोबदला आला, आणि थोरल्या मुलानं, इंद्रजीतनं, त्यातून फुटबॉलचा संघ उभा केला. आणि मी मोनाली साळवे, चार्टर्ड अकाउंटंट, उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं ऑफिस, शिवाय आमच्या विभागीय लीगची आर्थिक तपासनीस. हे दुसरं काम बिनपगारी. एका हंगामात कोणत्याही क्लबनं खेळाडूंवर चाळीस लाखांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, हा नियम आम्ही दोन वर्षांपूर्वी केला. नाहीतर ज्याची जमीन रस्त्यात गेली तोच दरवर्षी जिंकला असता. गोदाकाठनं एकोणचाळीस लाख सत्तर हजार दाखवले होते. गोकुळचं मानधन साठ हजार. एकोणीस गोलांचे साठ हजार! फाइल बघताना मी हसले होते, पण कागद स्वच्छ होते आणि हसण्याला पुरावा म्हणत नाहीत. आता पंगतीत बसून मी आठवत होते, की या एका हंगामात गोदाकाठच्या चार खेळाडूंची लग्नं झाली. गोलकीपरचं दिवाळीनंतर, मग दोघा बचावपटूंचं एकाच आठवड्यात, आणि आज हे. मला तेव्हा वाटलं होतं, बरं आहे, पोरं संसाराला लागली. माझा शेवटचा अहवाल त्याच दिवशी सहापर्यंत द्यायचा होता. हंगाम संपला होता. गोदाकाठ चाळीस गुण, आमच्या पडेगावचा 'एकजूट' सदतीस, जालन्याचा संघ पस्तीस. पहिला येईल तो वरच्या लीगमध्ये जाणार. मर्यादा ओलांडली की सहा गुण कापायचे, हेही नियमातच होतं, आणि चाळीसातून सहा गेले की काय उरतं हे मांडवातलं पोरही सांगेल.

'आमच्या पडेगावचा' हे मी मुद्दाम म्हटलं, कारण लोक तेच म्हणणार होते. एकजूट माझ्या वडिलांनी काढला. माझा धाकटा भाऊ सम्यक त्याचा कर्णधार आणि सचिवही. लहान क्लबात ज्याचं अक्षर बरं त्यालाच सगळी पदं. तपासनीस होताना मी लीगच्या अध्यक्षांना, मोतीराम सरांना, हे लेखी दिलं होतं. सर जुने खेळाचे शिक्षक. कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, "मग काय झालं? एकजूटची फाइल तू जास्त बारीक बघशील." त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं नव्हतं. माझ्यावर विश्वास टाकावा अशीच मी आहे, असं मी मानत आलेय. हे ज्यांना उद्धटपणाचं वाटतं त्यांनी माझ्याबरोबर एखादी बॅलन्स शीट तपासायला बसावं. मी अकरा वर्षांची असताना बाबांचा संघ गंगापूरला खेळायला गेला होता, टेम्पोतून, आणि मी हट्टानं मागं बसले होते. समोरच्या गावानं त्या दिवसापुरते पोलिसांच्या संघातले तीन खेळाडू पैसे देऊन आणले होते. आमच्या गोलकीपरच्या पायात बूट नव्हते. सात शून्य. परत येताना बाबा टेम्पोच्या फळीला टेकून म्हणाले, "चांगले खेळले ते." मला इतका राग आला की पडेगावचा नाका येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. ते चांगले खेळले नव्हते, त्यांनी चांगले खेळणारे आणले होते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एवढ्या मोठ्या माणसाला कसं कळत नाही? बाबांना कळत असणारच. पण त्याबद्दल कुठं जाऊन बोलायचं, ती जागा त्यांच्याजवळ नव्हती. ती जागा मी तयार केली. नियमावलीचा मसुदा माझा. त्यातलं सतरावं कलम मला अजून तोंडपाठ आहे : क्लबचा मालक, पदाधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक यांच्याकडून खेळाडूस कोणत्याही नावाने मिळालेला कोणताही लाभ हा क्लबचा खर्च धरावा. 'कोणत्याही नावाने' हे दोन शब्द रात्रभर विचार करून घातले होते. बक्षीस म्हणा, उसने म्हणा, प्रसाद म्हणा. आणि आहेर म्हणा.

हात धुऊन वळले तर इंद्रजीत नळाजवळ उभाच होता. पांढरा शर्ट, हातात रुमाल, चेहऱ्यावर यजमानाचं हसू. लग्न त्याच्या घरचं नव्हतं तरी यजमान तोच वाटत होता. "मॅडम, जेवलात ना नीट?"

"जेवले. आहेरही ऐकला."

हसू तसंच राहिलं, पण डोळे एकदा माइककडं गेले. "लग्नातला आहेर, मॅडम. इन्कम टॅक्सवालेसुद्धा त्याला हात लावत नाहीत. तुम्ही सीए, तुम्हाला मी काय सांगावं."

"इन्कम टॅक्सचं बरोबर आहे. पण लीगचं वेगळं आहे."

"अहो, आहेर म्हणजे फेडीचा व्यवहार. आज आम्ही केला, उद्या आमच्या श्रेयाच्या लग्नात गोकुळ करंलच की."

"पाच लाखांचा?"

त्यानं रुमालानं मान पुसली. तेवढ्यात नानासाहेब स्वतः आले. डोक्याला फेटा, उन्हानं चेहरा लाल, आणि खूश. त्यांनी माझ्या आईची चौकशी केली, बाबांची आठवण काढली, 'सर्जेराव लई सरळ माणूस' म्हणाले. इंद्रजीतनं त्यांना कोपरानं ढोसलं तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. मग चिडून तो म्हणाला, "नाना, मी तुम्हाला सांगितलं होतं, चेक पाकिटात घालून द्यायचा. माइकवर घ्यायचा नाय."

"का म्हणून नाय?" नानासाहेबांनी आवाज चढवला. "तुप्यांचा आहेर आन् मुक्यानं? चोरी केली का म्या? चारही पोरांच्या लग्नात पुकारून दिला. लपवून द्यायला ते काय लाच हाय व्हय?"

इंद्रजीतनं डोळे मिटले. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला नाही, हे कबूल करते. मुलानं कागदावर जे इतकं बेमालूम झाकलं, ते बापानं चारही गावांत भोंग्यावर सांगितलं होतं. चार वह्यांत ते बऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण पोरांचं भलं केलं. आणि केलंही होतं. पण एकोणीस गोलही विकत घेतले होते. मी त्यांना नमस्कार केला आणि सांगितलं, "नानासाहेब, मला हे लिहावं लागेल."

"लिहा ना," ते म्हणाले. "शून्यं नीट मोजून लिहा."

मागून इंद्रजीत दबक्या आवाजात म्हणाला, "लिहा. गुण कुणाच्या घरी जाणार, ते आख्ख्या संभाजीनगरला दिसंल." मी वळून बघितलं नाही. हे ऐकावं लागणार हे मला जिलेबी खातानाच माहीत होतं. खरं तर मला बरं वाटत होतं. लोक बोलतील तर बोलोत; माझ्याकडं कलम होतं, चार वह्या होत्या, नानासाहेबांचा स्वतःचा कबुलीजबाब होता. आणि हेही सांगून टाकते, की एकजूट वर जाणार म्हणून मला आनंद झाला होता. सम्यक बत्तीस वर्षांचा. वाळूजच्या एका कंपनीत सहा वर्षं कंत्राटी. क्लब वर गेला तर प्रायोजकानं एक कायम नोकरी कबूल केली होती आणि ती कर्णधाराला मिळणार, हे सगळ्या पडेगावला ठाऊक होतं. हा त्याचा शेवटचा हंगाम होता. गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय त्याला आता जिनाही उतरवत नाही.

बायकांच्या घोळक्यातून आईला शोधलं आणि स्कूटीवर मागं बसवून निघाले. दौलताबादच्या रस्त्यावर मे महिन्याचं ऊन नुसतं भाजत होतं, कॅन्टोन्मेंटची झाडं तेवढी दोन मिनिटं गार लागली. आईनं पदर डोक्यावरून ओढून तोंडात धरला होता, त्यामुळं तिचं बोलणं अर्धं वाऱ्यावर जात होतं. "गोकुळ लई भरलाय गं. तोंडावर तेज आलंय." गोकुळ आधी दोन वर्षं एकजूटला होता, मग इंद्रजीतनं नेला. मी म्हटलं, पैसा आला की तेज येतं. "पैशानं नाय येत," आई म्हणाली. "आपल्याकडं आला तवा नुसत्या काड्या होत्या त्याच्या पायाच्या. दोन वर्षं माझ्या हातची भाकर खाल्ली, तवा कुठं लाथ लागायला लागली त्याची." आणि मग सहज, काहीच वेगळं नसल्यासारखं, "आता ही दोघं बी भरतील. त्या ऋतुराजला तर पाच भाकरी लागतात."

मी स्कूटी बाजूला घेतली. आईला वाटलं पंक्चर. मी पाणी प्यायचंय म्हणून सांगितलं आणि रसवंतीच्या सावलीत उभी राहिले. पाणी प्याले नाही. सतरावं कलम मी मनात पुन्हा वाचलं, या वेळी दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखं. पदाधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक. सम्यक सचिव. आई सचिवाची आई. ऋतुराज आणि धम्मपाल, एकजूटचे यंदाचे खेळाडू, एक पैठणकडचा आणि एक खुलताबादचा, दोघं क्लबच्या खोलीवर झोपतात आणि दोन्ही वेळा आमच्या घरी जेवतात, गेले आठ महिने. अहवालाच्या रकान्यात, 'इतर लाभ' इथं, सम्यकनं शून्य लिहिलं होतं आणि मी त्या शून्यापुढं बरोबरची खूण केली होती. ज्या टेबलावर खूण केली त्याच टेबलावर समोर ऋतुराज चौथी भाकरी मोडत होता. मी त्याला ठेचा सरकवला होता. चार गावच्या लग्नांचा हिशेब मला घासागणिक जुळला, आणि घरचं ताट आठ महिने दिसलं नाही. काखेत कळसा न् गावाला वळसा, दुसरं काय! लगेच मन वकिली करायला लागलं. भाकरी म्हणजे काय लाभ? ती तर माया. पोरं बाहेरगावची, उपाशी ठेवायची का? पण हेच तर नानासाहेब म्हणाले होते, तेवढ्याच जोरात, तेवढ्याच खरेपणानं. ते म्हणाले तेव्हा मला ते भाबडे वाटले, आणि आई म्हणाली तेव्हा मला ते बरोबर वाटत होतं. मला माझीच लाज वाटली. रसवंतीचं घुंगरू वाजत होतं आणि आई विचारत होती, "काय झालं गं? ऊन लागलं का?" मी म्हटलं, "नाही. चल."

घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा साडेचार झाले होते. गोदाकाठचं वीस मिनिटांत लिहून झालं. हात कुठं अडखळला नाही. मर्यादा ओलांडली, सहा गुण. मग नवीन पान घेतलं आणि वर एकजूटचं नाव लिहिलं. सम्यक पहिली शिफ्ट करून, मैदानावर पोरांना पळवून आला होता. दारात बसून गुडघ्याचा पट्टा सोडत होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी गोदाकाठचं ऐकून उठून उभा राहिला, हवेत मूठ हाणली, आणि मग एकजूटचं ऐकून पुन्हा हळूच खाली बसला. बराच वेळ तो पट्ट्याची घडी घालत राहिला. "शून्य मी मुद्दाम नव्हतं लिहिलं," तो म्हणाला. "माझ्या डोक्यातच नाय आलं, ताई."

"माझ्याही नाही आलं. मी तर कलम लिहिलं होतं."

"किती होतात?"

आमच्या चौकातली मेस दोन्ही वेळचे महिन्याला तीन हजार घेते. दोघांचे सहा. आठ महिने. अठ्ठेचाळीस हजार. नियमात असं होतं, की न दाखवलेला लाभ पन्नास हजारांच्या आत असला तर लेखी समज, आणि वर गेला तर तीन गुण. अठ्ठेचाळीस. मी पुन्हा गुणाकार केला, अठ्ठेचाळीसच. मला हायसं वाटलं, इतकं की खुर्चीत मागं रेलले, आणि मग हायसं वाटल्याचाच राग आला. सम्यकलाही कळलं होतं. त्यानं छत बघितलं आणि लांब श्वास सोडला. नियमानं वागून, स्वतःची चूक लिहून, समज घेऊन, वर जायचं. याहून स्वच्छ काय असतं? मी लिहायला घेतलं : भोजन, दोन खेळाडू, आठ महिने, स्थानिक मेसच्या दराने.

आई आतून पीठ मळत्या हातानं बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मेसच्या दरानं?" ती म्हणाली. "माझी भाकर मेसच्या दरानं लावतीस व्हय गं? तिथं पाण्यासारखी आमटी देतात. तिथली भाकर खाऊन कोण पळंल?"

"आई, बाजारभाव लावायचा असतो. नियम आहे."

"बरं, लाव. आन् दूध?"

मी मान वर केली. सम्यकची मानही वर झाली.

"रोज सकाळी एकेकाला अर्धा लिटर," आई म्हणाली. "म्हशीचं. मैदानावरून आले की उभ्या उभ्या पितात. एक दिवस चुकवला नाय म्या. ते कोण लिहिणार?"

दोघांचं रोजचं एक लिटर, सत्तर रुपये, दोनशे चाळीस दिवस. सम्यकचा हिशेब माझ्या आधी झाला हे मला त्याच्या ओठांवरून कळलं. सोळा हजार आठशे. त्यानं आईकडं बघितलं आणि शांतपणे तिला सांगितलं, की दूध लिहिलं तर पन्नासच्या वर जातं, तीन गुण जातात, आणि आपण जालन्याच्या खाली येतो. नोकरीचं तो बोलला नाही. आईला ते सांगायची गरज नव्हती. तिनं त्या नोकरीसाठी विहारात जाऊन मेणबत्त्या लावल्या होत्या. ती पिठाच्या हातानं तशीच उभी राहिली. एकदा त्याच्या गुडघ्याकडं बघितलं. मला वाटलं आता ती म्हणेल, राहू दे बाई, दुधाचं काय मोठं. ती तसं म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आणि मी अशी बाई आहे की जिला सहसा सगळं सांगता येतं.

"म्हणजे पोरांनी पिलेलं दूध पिलं नाय म्हणू?" आई म्हणाली. "ते मला नाय जमायचं. गुण गेले तर जाऊ दे."

ती आत गेली. परातीत पीठ पुन्हा आपटू लागलं, नेहमीपेक्षा जोरात. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. सम्यक उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. मी दूध लिहिलं. चौसष्ट हजार आठशे. खाली शिफारशीच्या जागी 'तीन गुण' लिहिलं, आणि त्याखाली माझं स्वतःचं नाव, शून्यापुढं खूण करणारी म्हणून. सहाला दहा कमी होती. सम्यकनं पान वरपासून खालपर्यंत वाचलं, दुधाच्या ओळीशी थांबून एकदा पुन्हा वाचलं, आणि माझा हात बाजूला करून स्वतःच्या बोटानं 'पाठवा' दाबलं.